कागदावरचे आमचे शब्द

रविवार, ६ मे १९७३

क्षमा असावी. कोणाची मागते आहे ते ठाऊक नाही; या वहीचीच असेल. ग्रीसमध्ये, कोझानीच्या शाळेत पहिली आले तेव्हा डेलिवानिस सरांनी ती बक्षीस दिली आणि म्हणाले, "यात लिहिण्याजोगं काही घडलं की लिही." त्यानंतर पाच वर्षं ती कोरी राहिली. आम्ही मेलबर्नला आलो, इथली शाळा संपली, विद्यापीठाचं दुसरं वर्ष लागलं, तरी वही कोरीच. वर्गात हात वर करायचा म्हटलं तरी जिच्या तळव्यांना घाम सुटतो, तिने लिहायचं ते कोणत्या अधिकाराने?

आता घडलं आहे. बुधवारी आईला दुसऱ्यांदा मोठ्या रुग्णालयात नेलं. तिचं ओटीपोट दुखतं. कितीतरी महिने. कोटांच्या कारखान्यात ती वाफेच्या इस्त्रीवर उभी असते, नऊ तास, आणि घरी आली की भिंतीला टेकून बूट काढते – वाकता येत नाही म्हणून.

डॉ. प्रेस्कॉट यांनी तिच्या पोटाला हातसुद्धा लावला नाही. आईकडे पाहिलंही नाही. बोलले ते माझ्याशी. "तुमच्याकडच्या बायकांचं हे नेहमीचंच. घर आठवतं, मग पोट दुखतं. कामावर पाठवा, बरं वाटेल." आणि लिहू लागले.

समोर बसून उलटं वाचायची मला सवय आहे. गावी आमच्यात पुस्तक एकच असायचं आणि ते सरळ धरायचा मान चुलतभावाचा. डॉक्टरांच्या कागदावर मी वाचलं: ॲपथेटिक. हिस्टेरिया. सिम्पथी मिळवण्याचा प्रयत्न. पॅथॉलॉजी काही नाही.

चारही शब्द आमचे आहेत, मुळात ग्रीक. आमच्या घरातून उचललेले, आणि माझ्या आईच्या विरुद्ध वापरलेले.

ट्राममध्ये आईने विचारलं, "काय म्हणाला?"

"कामावर जा म्हणाला."

"मग जाते," आई म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

मी संतापले आहे. संताप कसा लिहावा हे मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून सावकाश, नीट अक्षरात लिहिते आहे.

बुधवार, ९ मे

आई कामावरून आली. उजव्या बुटाचा बंद मी सोडला, डावा तिने मला सोडू दिला नाही.

शुक्रवार, ११ मे

वर्ग बुडवून ग्रंथालयात बसले. मोठा शब्दकोश काढला आणि ते शब्द पुन्हा पाहिले. मला ते ठाऊक नव्हते असं नाही. चौदाव्या वर्षापासून मी एका निळ्या वहीत हेच करत आले: इंग्रजी शब्द, त्यापुढे आमचं मूळ. डेलिवानिस सर म्हणायचे, "इंग्रजाला बारीकसारीक दुखलं तर त्याचं त्याच्याकडे भागतं. पण दुःख मोठं झालं की तो आपल्या दारात येतो आणि शब्द उसना मागतो." आम्ही सगळी मुलं हसायचो. तेव्हा किती श्रीमंत वाटायचं मला! परक्या देशात बोट लागलं तेव्हा माझ्या पेटीत दोन पोशाख होते आणि ती निळी वही, आणि मला वाटलं होतं, इथली अर्धी भाषा तर आधीच माझी आहे.

पाथोस म्हणजे माणसावर जे येतं आणि जे त्याला सोसावं लागतं. सिम्पथी म्हणजे दुसऱ्याबरोबर सोसणं. डॉक्टरांनी ती मागणं हाच गुन्हा ठरवला. ॲपथी म्हणजे ज्याला सोसणंच शिवत नाही त्याची अवस्था. त्या खोलीत ती एकाच माणसाला होती, आणि लेखणी त्याच्याच हातात होती. पॅथॉलॉजी म्हणजे सोसण्याचा विचार, अभ्यास. काही नाही, असं त्यांनी लिहिलं. खरंच काही नव्हता.

आणि हिस्टेरिया. हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. जुने वैद्य समजत की गर्भाशय बाईच्या अंगात भटकतं आणि ती वेडी होते. अडीच हजार वर्षांनी त्या खोलीत टेलिफोन होता, क्ष-किरणांचं यंत्र होतं, आणि विचार तोच.

ग्रंथपाल बाईंनी येऊन विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी शब्दकोश इतक्या जोरात मिटला होता.

सोमवार, १४ मे

रुग्णालयाच्या अधीक्षकांना पत्र लिहायचं ठरवलं. आजपर्यंत मी कोणालाही तक्रारीचं पत्र लिहिलेलं नाही. दुकानदाराने कमी ऑलिव्ह दिले तरी मी गप्प घरी येते. चार वेळा सुरुवात केली. चारही वेळा पहिलं वाक्य तेच झालं – "मी लिहिण्याचं धाडस करते आहे याबद्दल क्षमा करावी." चारही कागद फाडले.

बाबांनी तुकडे पाहिले. जुळवून पाहायची त्यांना गरज पडली नाही.

"डॉक्टरविरुद्ध लिहितेस?"

"हो."

"टायरच्या कारखान्यात आमचा मुकादम माणसाला कुत्रा म्हणतो. मी पत्र लिहिलं का कधी?"

"लिहायला हवं होतं."

"अस्सं. मग आज आपण सगळे कोझानीला असतो, आणि तू केशराची फुलं वेचत असतीस." मग म्हणाले, "त्या माणसाने तुझी स्तुती केली होती, एव्हांथिया. माझ्यासमोर. 'एक्सलंट' म्हणाला तुझ्या इंग्रजीला. तेवढं मला कळतं. मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलंय. आता त्यांना काय सांगू, की मुलगी त्याच डॉक्टरवर उलटली?"

ते खरं आहे. फेब्रुवारीत, पहिल्या भेटीत, डॉक्टर तसं म्हणाले होते. बाबा त्या दिवशी अर्धी रजा टाकून आले होते, आणि परतताना सिडनी रोडवर त्यांनी मला, या वयात, आइस्क्रीम घेऊन दिलं होतं.

त्या पहिल्या भेटीबद्दल इथे लिहून ठेवते, म्हणजे पत्रात उपयोगी पडेल. आईने जे सांगायला सांगितलं ते मी डॉक्टरांना सांगितलं. काही गोष्टी बापाच्या देखत आणि परक्या पुरुषासमोर उघड्या बोलायच्या नसतात. त्या शोभेल अशा शब्दांत मांडल्या. पण सांगितलं. डॉक्टर असलेल्या माणसाने शब्दांमागचं ओळखायला नको? त्यासाठीच ना शिकतात?

आई मधल्या दारात उभी होती. म्हणाली, "स्टर्यिओ, पोरीला ओरडू नकोस." मग मला, "आणि तू लिहू नकोस."

सगळे मिळून मला गप्प बसवतात. मी आधीच किती गप्प आहे हे कोणाच्या लक्षात कसं येत नाही?

सोमवार, २१ मे

लेन्को मावशीचा नामदिन, तिच्या नावाच्या संतिणीचा सण. दुपारपासून तिचं घर उघडं: चमच्यावर साखरेत शिजवलेली चेरी, त्यावर पाण्याचा पेला, मग कॉफी. बसायला खुर्च्या शेजारून आणलेल्या. मावशी त्याच रुग्णालयात फरशी पुसते. तिचं इंग्रजी ऐकून तिची मुलं हसतात. ती म्हणते, "हसा. माझं इंग्रजी बादलीएवढंच आहे. पण माझी बादली भरलेली असते."

आई आली ती थकलेली, राखेच्या रंगाची. मावशीने तिला पाहताक्षणी नजर लागल्याचं ठरवलं. पाण्यात तेलाचे थेंब सोडले, पुटपुटली, जांभया दिल्या, तीनदा थुंकल्यासारखं केलं. "एवढी मोठी नजर! कोणी लावली गं? त्या तुमच्या कारखान्यातल्या फोरवूमनने?"

"तिला तिच्या नवऱ्याकडे बघायला वेळ नाही, माझ्याकडे कधी बघेल," आई म्हणाली. बायका हसल्या.

मग आई स्वयंपाकघरात बसायला गेली, आणि बसण्याआधी तिने पिशवीतून घडी केलेला जाड टॉवेल काढून खुर्चीवर ठेवला. सहज, जणू रोजचंच. मावशीने ते पाहिलं. तिचं हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. आईचा दंड धरून ती तिला न्हाणीघरात घेऊन गेली. दार लागलं. बाहेर आल्या तेव्हा मावशीने माझ्याकडे बोट केलं. इकडे ये.

"तुला ठाऊक होतं? हे अंगावर जातंय ते?"

"हो."

"आणि डॉक्टरला?"

"मी सांगितलं आहे."

"अशा शब्दांत?"

"शोभेल अशा शब्दांत."

मावशी माझ्याकडे पाहत राहिली. ते मला सगळ्यांत लागलं. मी ताडकन म्हटलं, "तू आधी का नाही विचारलंस? तू तर तिथे रोज जातेस."

"मला कोणी सांगेल तर विचारीन ना."

"तुला सांगणं म्हणजे सगळ्या ब्रन्सविकला सांगणं," आई म्हणाली. पण हसत नव्हती.

मी रागाच्या भरात पत्राचं बोलले: की अधीक्षकांना कळवणार, त्या माणसाने तुझ्या कागदावर काय काय लिहून ठेवलंय ते. आई म्हणाली, "त्याला जेवढं सांगितलं तेवढंच त्याने लिहिलं असेल. पत्र नको, एव्हा. मी तुझ्याकडे कधी काही मागते का?"

तिने त्याची बाजू घ्यावी! ज्याने तिला ढोंगी ठरवलं त्याची! मी चेरीची बशी तशीच ठेवून अंगणात जाऊन उभी राहिले. भित्रेपणाला ही माणसं चांगुलपणा म्हणतात. बाबा मुकादमाला भितात, आई डॉक्टरला, आणि दोघांना वाटतं की मी त्यांच्यासारखीच व्हावं.

निघताना मावशी म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर एक बाईडॉक्टर आलीये, लोरिमर. हात बर्फासारखे, तोंडही तसंच, पण फरशी ओली असली की चपला काढून हातात घेते. उद्या बोलते तिच्याशी."

गुरुवार, २४ मे

मावशीची बादली खरोखर भरलेली होती. पुढच्या बुधवारची वेळ मिळाली.

बुधवार, ३० मे

लिहिते. जसं घडलं तसं.

डॉ. लोरिमर पन्नाशीच्या असतील. बाबा आत येऊ लागले तर त्यांनी हात आडवा धरला – "आपण बाहेर बसा." बाबा बसले, टोपी गुडघ्यावर.

त्यांनी आईची जुनी फाइल उघडली. मी तयार होते. आता त्या प्रेस्कॉट यांचे ते चार शब्द वाचतील आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, कोणाच्या तरी तोंडावर सांगेन की हे लिहिणाऱ्याला लाज वाटायला हवी. वाक्य पाठ केलं होतं. ट्राममध्ये ओठ हलवत म्हणूनही पाहिलं होतं.

त्यांनी मागचं पान उलटलं. फेब्रुवारीचं. आणि मोठ्याने वाचलं:

"चौदा फेब्रुवारी. दुभाषी मुलगी, इंग्रजी उत्कृष्ट. मुलीच्या सांगण्यानुसार रुग्णास मेलंकोलिया व नॉस्टॅल्जिया. शारीरिक तक्रार विचारली असता मुलीने पोटात अस्वस्थपणा एवढंच सांगितलं. रक्तस्राव? – मुलगी: नाही."

मग मान वर करून, अगदी शांतपणे, मला विचारलं, "हे शब्द डॉक्टरांचे की तुमचे?"

माझं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तळव्यांना घाम. पाठ केलेलं वाक्य जणू दुसऱ्याच कोणा मुलीचं होतं.

मग आई बोलली. माझ्याकडे न पाहता, मला न सांगता, सरळ त्या बाईंना. हात ओटीपोटावर ठेवला आणि म्हणाली, "एमोरायीआ."

डॉ. लोरिमर यांनी लेखणी खाली ठेवली. "हेमरेज?"

आईने मान हलवली आणि आठ बोटं दाखवली. आठ महिने.

बाई उठल्या. आईला हाताला धरून तपासणीच्या पलंगाकडे नेलं आणि पडदा ओढला. मी पडद्याच्या या बाजूला उभी होते. पलीकडून दोघींचं काही काही ऐकू येत होतं. एक शब्द ह्यांचा, एक शब्द त्यांचा, आणि त्यांचं चाललं होतं. तिथे माझी गरज नव्हती.

गुरुवार, ३१ मे

आज लिहिता येत नाही.

शनिवार, २ जून

आता पळवाट नाही. मी या वहीशीही खोटं बोलले. "सांगितलं" असं लिहिलं, आणि लिहिताना ते मला खरंच वाटत होतं, हे सगळ्यांत भयंकर.

चौदा फेब्रुवारी. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे. बाबा खिडकीपाशी. आईने आवाज खाली करून मला सांगितलं, "त्याला सांग: पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली आणि आता चार महिने पुन्हा रक्त जातंय. एवढंच सांग." अगदी साधं. एका दमात सांगता आलं असतं.

मी मान खाली घातली. पाळी, रक्त – हे शब्द मी बाबांच्या देखत कधी उच्चारलेले नाहीत, कोणत्याच भाषेत. बाबांना इंग्रजी कळत नाही हे खरं, पण तो शब्द त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळेल असं वाटलं. आणि डॉक्टर – गोरे, उंच, घड्याळ पाहणारे. माझ्या डोक्यात निळी वही उघडली गेली. आई कशी आहे? दुःखी आहे. त्याला किती सुंदर शब्द आहे! मी म्हटलं, "तिला मेलंकोलिया आहे, डॉक्टर. आणि नॉस्टॅल्जिया." त्यांनी चमकून पाहिलं. कोटांना इस्त्री करणाऱ्या बाईची मुलगी असं बोलते! मग म्हणाले, "एक्सलंट." त्यांनी पुढे विचारलं, रक्तबिक्त काही जात नाही ना? तेव्हा ती स्तुती अजून कानांत होती. आणि बाबा हसत होते. मी म्हटलं, नाही.

नाही म्हणाले मी.

मेलंकोलिया: काळं पित्त. नॉस्टॅल्जिया: परतीचं दुःख. दोन्हींच्या व्युत्पत्ती मला तोंडपाठ आहेत. आईच्या चार महिन्यांच्या रक्ताला मी दोन व्युत्पत्ती दिल्या.

आणि त्या माणसावरचा माझा राग? तो कमी झाला असेल असं वाटलं होतं. झालेला नाही. वीस वर्षांच्या मुलीला तिच्या बापासमोर तिच्या आईच्या रक्ताबद्दल विचारतात? दोनदा गेलो आम्ही, दोनदा! एकदा तरी पोटावर हात ठेवून पाहिलं असतं. माझा एक शब्द ऐकला आणि त्यावर स्वतःचे चार रचले. खोटं मी बोलले. पण ते त्यांना किती सोयीचं झालं.

मंगळवार, १२ जून

शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली. आज डॉ. लोरिमर यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. गर्भाशय काढलं. गाठ तिथेच थांबलेली नव्हती. "फेब्रुवारीत आल्या असत्या तर गोष्ट वेगळी असती," त्या म्हणाल्या, मग स्वतःच थांबल्या, कारण आई फेब्रुवारीत आली होती.

हिस्टेरा. प्रेस्कॉट यांनी नेमका तोच शब्द लिहून ठेवला होता. नुसता वाचला असता तरी चाललं असतं.

पुढच्या गुरुवारी आईला सगळं सांगायचं आहे. भाषांतर मी करायचं. मी म्हटलं, दुसरं कोणी नाही का? त्या म्हणाल्या, "फरशी पुसणाऱ्या तुमच्या मावशी आहेत." दुसरं कोणी खरंच नाही. एवढ्या मोठ्या इमारतीत.

सोमवार, १८ जून

आमच्यात हे रोग्याला सांगत नाहीत. घरातले सगळे जाणतात, शेजारी जाणतात, पाद्री जाणतो. रोगी तेवढा जाणत नाही. नावही घेत नाहीत, 'ती वाईट गोष्ट' म्हणतात आणि लाकडावर टकटक करतात. गावी थोमास आजोबा गेले तोवर त्यांना अल्सरच होता.

बाबा आज टेबलाशी बसले. दाढी केलेली नव्हती. "तिला सांगायचं नाही. तिची उमेद जाईल."

"डॉक्टर तिच्यासमोर बोलणार आहेत, बाबा."

"इंग्रजीत बोलतील. तू तुझं सांग. जखम म्हण. ट्रॉमा म्हण. तुला इतके शब्द येतात, एखादा चांगला शोध."

मावशीही म्हणाली, "शोध गं. माणूस आशेवर जगतो."

मी उठून उभी राहिले. आजवर बाबांच्या समोर माझा आवाज चढलेला नाही. आज चढला. "एकदा शोधला होता!" – एवढंच. पुढचं काही सांगू शकले नाही. बाबांना वाटलं मी दमले आहे. त्यांनी माझ्यासमोर सुपाचा वाडगा सरकवला. लिंबू त्यांनीच पिळलं होतं, जास्त झालं होतं.

मी त्यांच्यावर रागावले आहे. मावशीवर. डॉ. प्रेस्कॉट यांच्यावर. निळ्या वहीवर – ती आज कपाटाच्या मागे टाकून दिली. पत्राचा कागद पुढ्यात आहे. रागाला आता दोन पत्ते आहेत, आणि त्यातला एक माझा आहे.

गुरुवार, २१ जून

डॉ. लोरिमर पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि बोलल्या. कार्सिनोमा. आई उशीला टेकून बसली होती. बाबा माझ्याकडे पाहत होते, विनवत होते. आईही माझ्याकडेच पाहत होती. तो शब्द तिच्यापर्यंत मी न्यायची गरज नव्हती. तो आमच्याच गावचा. तरी ती थांबली होती, मी काय सांगते त्यासाठी.

मी सांगितलं. तोच शब्द. कुठे आहे, कुठवर गेला आहे, सोमवारपासून किरण देणार, आणि तिघींतली एक वाचते असं डॉक्टर म्हणाल्या, तेही. बाबा खिडकीकडे वळले.

आईने चादरीची घडी हाताने सारखी केली, इस्त्री फिरवावी तशी. म्हणाली, "आता बरोबर सांगितलंस."

आता.

मेलान्होलिया काही इंग्रजी शब्द नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून तो तिने ऐकला होता. तिला तेव्हाच कळलं होतं.

"मग बोलली का नाहीस, आई?"

"तो तुझी स्तुती करत होता, पोरी. आणि तुझे बाबा ऐकत होते."

पत्र वॉर्डमधल्या बाकावर बसून पूर्ण केलं. धाडसाबद्दलचं ते वाक्य काढलं. आता पहिलं वाक्य असं आहे: "१४ फेब्रुवारी रोजी माझ्या आईने रक्त जात असल्याचं सांगितलं, मी ते सांगितलं नाही, आणि आपल्या डॉक्टरांनी ते तपासलं नाही." पुढे दोन पानं, सगळी रागाची. शेवटी एकच मागणी – त्या खोलीत मुलींच्या जागी दोन्ही भाषा जाणणारी एक मोठी बाई बसवा.

पाठवलं: गुरुवार, २१ जून १९७३, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.